जुन्या यंत्राचा भरवसा



कवीनं रेडिओवर बोलायचं म्हणजे कविता, पाऊस नाहीतर गोदावरी, असा एक समज आहे. आज मी संगणकाबद्दल बोलणार आहे, आणि तोही जुन्या संगणकाबद्दल. माझ्या घरी माडीवर २००३ सालचा एक संगणक आहे. पेंटियम फोर, मेमरी २५६ एमबी, हार्ड डिस्क ४० जीबीची आणि त्यावर विंडोज एक्सपी. आजच्या साध्या मोबाइलमध्येसुद्धा याच्या कितीतरी पट मेमरी असते. घरातल्यांनी दर दिवाळीच्या आवराआवरीत तो भंगारात द्यायचं ठरवलं आणि दर दिवाळीला मी तो दिला नाही. का दिला नाही आणि बिघडलेला तो पुन्हा भरवशाचा कसा झाला, ही आजची हकिगत.

थोडं मागं जावं लागेल. बी.ए. झाल्यावर मी जुन्या नाशकात एका छापखान्यात मुद्रितं तपासायला लागलो. तेव्हा खिळे जुळवायची पद्धत होती. जुळारी केसमधून एकेक खिळा उचलून ओळ बांधायचा. काना वेगळा, वेलांटी वेगळी, रफार वेगळा. नव्वदीत संगणक आले, खिळ्यांच्या केसेस वजनावर विकल्या गेल्या आणि आम्ही सगळे डीटीपी शिकलो. पुढं मी स्वतःचं छोटं दुकान टाकलं. लग्नपत्रिका, बिलबुकं, शाळांची हस्तलिखितं, मधूनच एखाद्या मित्राचा कवितासंग्रह. मराठी मुलखातल्या हजारो दुकानांसारखं ते एक दुकान. सगळीकडं साधन एकच, पेजमेकर. १९८५ साली आल्डस कंपनीनं आणलेलं हे सॉफ्टवेअर १९९४ मध्ये ॲडोबीकडं गेलं आणि त्याची सातवी आवृत्ती २००१ साली आली. तीच शेवटची मोठी आवृत्ती ठरली. त्याच्या जोडीला श्रीलिपी, आकृती, आयएसएम यांपैकी कुणाचे तरी मराठी टंक. एवढ्यावर महाराष्ट्रातली बरीच छपाई वर्षानुवर्षं चालली.

या जुन्या टंकांची एक गोम आहे. ती कळली, तर पुढची गोष्ट कळेल. त्या काळी संगणकाला मराठी येत नव्हतं. म्हणून टंक बनवणाऱ्यांनी एक युक्ती केली. इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागेवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवले. आपल्याला पडद्यावर ‘क’ दिसायचा, पण संगणकाच्या वहीत तिथं एखादं इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह लिहिलेलं असायचं. टंक हा केवळ मुखवटा. मुखवटा काढला की खाली अर्थहीन चिन्हांची रांग. बरं, कुठला तुकडा कोणत्या जागेवर, हे प्रत्येक कंपनीचं वेगळं. एकाचा मजकूर दुसऱ्याच्या टंकात लावला तर वाचता येत नसे. नाही म्हणायला १९९१ साली भारतीय भाषांसाठी सरकारी मानक आलं होतं, जगातल्या सगळ्या लिप्यांसाठी युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षी आली. युनिकोडमध्ये ‘क’ला स्वतःचा क्रमांक आहे, २३२५. टंक कोणताही लावा, तो ‘क’च राहतो. पण पेजमेकरला युनिकोड मराठी समजत नसे आणि दुकान तर पेजमेकरवर चाललेलं. त्यामुळं आम्ही मुखवट्यांतच लिहीत राहिलो.

आता माझ्या अम्माबद्दल. ती सिन्नरकडच्या खेड्यातली. शाळेची पायरी न चढलेली. पण जात्यावरच्या ओव्या तिच्या तोंडी इतक्या, की दळण संपायचं, ओव्या संपायच्या नाहीत. आमच्या आळीतल्या सगळ्या घरांतल्या बायका एकमेकींच्या जात्यावर बसायच्या. त्यामुळं तिच्या ओवीत विठ्ठलही यायचा, पीरही यायचा आणि भाऊ तर हमखास यायचा. गी पॉयत्व्हँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्याहून काम करून खेडोपाडीच्या बायकांच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. त्यांच्या कामाबद्दल वाचलं आणि मला वाटलं, आपल्या घरातच एक खाण आहे, ती आपण कधी खणली नाही.

२००३च्या थंडीत मी दोनशे पानी वही घेऊन अम्माजवळ बसलो. जातं नव्हतं, पण तिनं उजवा हात गोल फिरवायला सुरुवात केली की ओवी यायची. तो हात थांबला की ओवीही थांबायची. तीन महिन्यांत तीनशे बारा ओव्या उतरवल्या. रात्री दुकानातून येऊन त्या याच संगणकावर टाइप केल्या. एकदा ती माझ्या मागं येऊन उभी राहिली. पडद्याकडं बघून म्हणाली, “हे पुसलं तर जाणार नाही ना?” मी म्हणालो, “नाही अम्मा. आता ते पक्कं झालं.”

२००६ मध्ये अम्मा गेली. सप्टेंबर २००८ मध्ये गोदावरीला मोठा पूर आला. नाशिककर पूर दुतोंड्या मारुतीवरून मोजतात. त्या वेळी पाणी त्याच्या डोक्यावरून गेलं. नदीकाठच्या जुन्या वस्त्यांत पाणी शिरलं, तसं आमच्या खालच्या खोलीतही शिरलं. वही लोखंडी पेटीत होती. पाणी ओसरल्यावर पेटी उघडली तेव्हा पानांचा एकच गोळा झाला होता आणि शाई सगळीकडं सारखी निळी झाली होती. मला दुःख झालं, पण घाबरलो नाही. कारण संगणक माडीवर होता. ते पक्कं झालं होतं.

त्यानंतर मी जे केलं ते तुमच्यापैकी अनेकांनी केलं असेल. काहीच केलं नाही. दुकानात नवा संगणक आला, जुन्यावर चादर पडली. फाइल मी एका सीडीवर घेऊन ठेवली आणि निर्धास्त झालो. २०२१च्या अखेरीस एका प्रकाशक मित्रानं विचारलं, “त्या ओव्या आहेत ना? पुस्तक करू.” मी सीडी नव्या संगणकात घातली. फाइल उघडायला पेजमेकर नव्हतं आणि जुनं पेजमेकर त्या संगणकावर बसेना. कसाबसा आतला मजकूर काढला तर पडद्यावर चिन्हांची रांग. टंकही जवळ नव्हते. अम्माच्या ओव्या माझ्यासमोर होत्या आणि मला त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं. अम्मालाही येत नव्हतं. फरक इतकाच, की तिला त्या पाठ होत्या.

मग माडीवर गेलो, चादर काढली, बटण दाबलं. संगणक सुरू झाला, पण तारीख दाखवली १ जानेवारी २००२. दहा मिनिटांनी पडदा आला. पेजमेकर उघडलं, फाइल उघडली, पहिलं पान दिसलं. सातव्या पानावर सगळं गोठलं. बंद करून पुन्हा लावलं, तर या खेपेला चौथ्या पानावर.

माझा भाचा संगणकाचाच इंजिनिअर आहे. तो बघायला आला. म्हणाला, “मामू, यावर नवी विंडोज टाकून देतो, सुसाट पळेल.” मी म्हणालो, “पळायला नको रे. त्यानं चोवीस पानं न अडखळता चालावं, बस.” तो हसला, पण त्याला मुद्दा पटला. नव्या विंडोजमध्ये हे जुनं पेजमेकर आणि जुने टंक पूर्वीसारखे चालतील याची खात्री नव्हती. चौसष्ट बिटांच्या विंडोजवर तर सोळा बिटांचे जुने प्रोग्रॅम चालतच नाहीत आणि त्या काळचे पुष्कळ प्रोग्रॅम टाकणारे इन्स्टॉलरच सोळा बिटांचे. तेव्हा नवं काही आणायचं नाही, आहे तेच नीट करायचं, असं ठरलं. पुढचे आठ रविवार आम्ही दोघं माडीवर बसलो.

पहिला नियम भाच्यानं घातला. हात लावण्याआधी प्रत. त्यानं हार्ड डिस्क बाहेर काढली, यूएसबीच्या जोडणीनं नव्या संगणकाला लावली आणि फाइलींचीच नव्हे, तर अख्ख्या डिस्कची जशीच्या तशी प्रतिमा काढून ठेवली. जुनी डिस्क कधी डोळे मिटेल सांगता येत नाही. दुरुस्तीच्या धक्क्यानंच ती जायची. तेव्हा हे पहिलं काम, बाकी सगळं नंतर.

दुसरा नियम माझा होता. मुद्रितं तपासण्याच्या सवयीतून आलेला. एका वेळी एकच बदल आणि तो वहीत लिहायचा. काय बदललं, किती वाजता, मग संगणक बंद करून पुन्हा लावायचा, फाइल उघडून शेवटच्या पानापर्यंत जायचं, अडकलं तर कुठं अडकलं ते टिपायचं. एकदम पाच गोष्टी बदलल्या आणि सुधारणा झाली, तर ती कशानं झाली ते कळत नाही. बिघडलं तर तेही कळत नाही. शिवाय एक्सपीमध्ये ‘सिस्टिम रिस्टोअर’ नावाची सोय आहे. बदल करण्याआधी खूण करून ठेवली की गडबड झाल्यावर संगणकाची घडी त्या खुणेपर्यंत मागं नेता येते.

मग सुरुवात झाली ती पेटीपासून. धूळ झटकली. मेमरीच्या पट्टीचे सोनेरी दात खोडरबरानं हलकेच पुसले. तारीख चुकत होती ती एका बटणसेलमुळं. आतल्या बोर्डावर रुपयाच्या नाण्याएवढा तीन व्होल्टचा सेल असतो, वीज नसताना तो घड्याळ चालवतो. तो संपला की संगणकाला आपलं वय आठवत नाही. हा सेल घड्याळाच्या दुकानातसुद्धा मिळतो.

त्यानंतर आतलं सामान. संगणक सुरू होताना त्याच्याबरोबर आपोआप काय काय सुरू होतं, याची यादी एक्सपीमध्ये ‘एमएसकॉन्फिग’ असं टाइप केलं की दिसते. माझ्या यादीत एकवीस गोष्टी निघाल्या. जुना स्कॅनर, जो केव्हाच विकला होता, त्याचा नोकर अजून दारात उभा. दोन-दोन गाणी वाजवणारे प्रोग्रॅम. कॅलेंडर. हे सगळं मीच कधी ना कधी हौसेनं टाकलेलं. चार ठेवले, सतरा बंद केले. त्या दिवशी फाइल अकराव्या पानापर्यंत गेली.

पुढं टंक. डीटीपीवाल्याला टंकांचा सोस असतो. माझ्याकडं आठशेच्या वर टंक बसवलेले होते आणि त्यातले वापरातले पंचवीस-तीस. बाकीचे वेगळ्या फोल्डरमध्ये काढून ठेवले. काढून ठेवले म्हणतो, पुसले नाहीत. विंडोज ९८मध्ये तर साधारण हजारानंतर टंक बसतच नसत. एक्सपीत तशी अडचण नाही, पण हे सगळं ओझं वाहायचं कुणी?

मग मेमरी. २५६ एमबी भरली की विंडोज हार्ड डिस्कचा एक कोपरा मेमरीसारखा वापरते. त्याला व्हर्च्युअल मेमरी म्हणतात. स्वयंपाकाचा ओटा भरला की भांडी जमिनीवर मांडावी, तसं. विंडोजवर सोपवलं तर हा कोपरा गरजेप्रमाणं वाढतो, कमी होतो आणि डिस्कभर तुकड्यातुकड्यांनी पसरतो. आम्ही त्याची मर्यादा कायमची ठरवून दिली. लहानात लहान आणि मोठ्यात मोठा आकार सारखाच, ७६८ एमबी. म्हणजे रोज मांडामांड नको. खिडक्यांच्या सावल्या, सरकणारे मेनू अशी पडद्यावरची सजावटही बंद केली. एक्सपीचा तो निळा-हिरवा थाट गेला आणि पडदा साधा करडा झाला. मला तो जास्त आवडला.

डिस्कवर जागा जेमतेम उरली होती. डिस्कवरचे विखुरलेले तुकडे एकत्र करणारी जी सोय एक्सपीत आहे, तिला नीट काम करायला साधारण पंधरा टक्के जागा मोकळी लागते. म्हणून आधी फालतू फाइली काढल्या, मग डिस्कची तपासणी करून घेतली आणि त्यानंतरच तुकडे जुळवायला सोडले. हा क्रम महत्त्वाचा. डिस्क आजारी असताना तिच्याकडून कसरत करून घेऊ नये. ते काम रात्रभर चाललं.

इतकं करून फाइल शेवटपर्यंत जाऊ लागली, पण ओळी हलल्या होत्या. ओवीची ओळ जिथं तुटायला हवी तिथं तुटेना. याचं कारण मलाच आठवलं. पेजमेकर पान मांडताना कोणत्या प्रिंटरवर छापायचं ते बघतं आणि त्याप्रमाणं ओळी बसवतं. २००३ मध्ये निवडलेला लेझर प्रिंटर केव्हाच गेला होता. आम्ही त्याच प्रिंटरचा ड्रायव्हर पुन्हा टाकला. प्रिंटर नाही, नुसतं त्याचं नाव. ओळी जागच्या जागी आल्या. जी वस्तू घरात उरली नाही तिचं नाव सांगितल्यावर सगळं घर सावरलं, याला काय म्हणावं?

श्रोतेहो, या सगळ्यात एक गोष्ट लक्षात आली असेल. आम्ही त्या संगणकात नवं जवळपास काहीच घातलं नाही. एक सेल, एक ड्रायव्हर. बाकी सगळं काढलं. आपली समजूत असते, की यंत्र अडखळतं म्हणजे त्याला आणखी काही हवंय. नेहमी तसं नसतं. विंडोज ९८चं एक प्रसिद्ध उदाहरण आहे. त्या संगणकात ५१२ एमबीपेक्षा जास्त मेमरी घातली, तर ‘मेमरी अपुरी आहे’ अशी तक्रार तो करू शकत असे. कारण मोकळी मेमरी पाहून तो फाइलींच्या साठ्यासाठी इतका पसरायचा, की त्याचा पत्ता ठेवायलाच जागा उरायची नाही. उपाय नवी मेमरी हा नव्हता, त्या साठ्याला एका ओळीत मर्यादा घालून द्यायची हा होता. याच घराण्यातली आणखी एक गंमत सांगतो. विंडोज ९५ आणि ९८ सलग ४९.७ दिवस चालू राहिल्या तर गोठत. आतलं घड्याळ हजारांश सेकंदांत मोजायचं आणि तेवढ्या दिवसांत त्याचे आकडे संपायचे. आमच्या दुकानात हा दोष कधी दिसला नाही. भारनियमनामुळं पन्नास दिवस सोडा, पन्नास तास सलग वीज नसे.

अम्माच्या जात्याचंही असंच होतं. दगड झिजून गुळगुळीत झाला की पीठ भरड यायचं. मग टाकी लावणारा यायचा. छन्नी-हातोडी घेऊन उन्हात बसून दगडाला पुन्हा टाके पाडायचा. कुणी म्हणत नसे की जातं बदला. आणि टाकी लावून झाली तरी अम्मा धान्य मुठीमुठीनंच घालायची. एकदम घातलं तर चांगल्या जात्यालाही भरडच येते.

पण जुन्याचं कौतुक करताना एक सावधगिरीही सांगायला हवी. मायक्रोसॉफ्टनं विंडोज एक्सपीची देखभाल ८ एप्रिल २०१४ रोजी थांबवली. म्हणजे तिच्यात सापडलेल्या नव्या छिद्रांना ठिगळ मिळणं बंद झालं. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाचा व्हायरस जगभर पसरला तेव्हा अपवाद म्हणून एक ठिगळ दिलं गेलं, पण अपवादावर संसार चालत नाही. आपल्याकडं अनेक एटीएम यंत्रं एक्सपीवर चालत होती. जून २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेनं सगळ्या बँकांना ती टप्प्याटप्प्यानं, जून २०१९पर्यंत, बदलायला सांगितलं. ते योग्यच होतं. जिथं पैसा आहे, लोकांची माहिती आहे, जाळ्याशी जोडणी आहे, तिथं जुनी विंडोज ठेवणं म्हणजे दाराला कडी नसताना परगावी जाणं. माझ्या माडीवरच्या संगणकाची इंटरनेटची वायर आम्ही पहिल्याच दिवशी काढली. बाहेरचा पेनड्राइव्ह त्याला लावायचा नाही, असा कागद पेटीवर चिकटवला. या अटी पाळल्यावरच आम्ही त्याचा जड झालेला अँटिव्हायरस काढला. क्रम उलटा केला तर तो मूर्खपणा ठरेल. एकच काम, बंद खोली, ठरलेली माणसं. या तीन अटींवर जुनं यंत्र भरवशाचं होतं. शेजारचे एक गृहस्थ अंबडच्या कारखान्यात आहेत. तिथलं कापणीचं एक यंत्र असंच जुन्या संगणकावर चालतं, असं ते सांगतात. यंत्र ठणठणीत आहे, फक्त त्याच्याशी बोलणारा संगणक म्हातारा झालाय. तिथंही हीच पथ्यं.

आठव्या रविवारी चोवीस पानं सलग उघडली, वर-खाली झाली, छापली गेली. भाचा म्हणाला, “झालं मामू, सुटलात.” पण खरं काम पुढंच होतं. यंत्र भरवशाचं करायचं ते त्याच्या भरवशावर बसून राहण्यासाठी नव्हे, तर ते चालू आहे तोवर आपली वस्तू बाहेर काढण्यासाठी. मजकूर काढला आणि युनिकोडमध्ये बदलणाऱ्या प्रोग्रॅममधून घातला. हे बदलणं वाटतं तितकं सरळ नाही. जुन्या टंकात पहिली वेलांटी डोळ्यांना दिसते तशी अक्षराच्या आधी लिहिलेली असते, युनिकोडमध्ये ती अक्षराच्या नंतर जाते. रफार जुन्या टंकात अक्षराच्या नंतर, युनिकोडमध्ये आधी. म्हणजे प्रत्येक ओळीत तुकडे उचलून मागं-पुढं ठेवावे लागतात. जुळाऱ्याचंच काम, फक्त हात यंत्राचे.

आणि तिथं चूक झाली. अम्माच्या ओव्यांत माहेरची वाट आहे आणि वाटेत दऱ्या आहेत. छापून पाहतो तर सगळीकडं ‘दर्या’. डोंगरातली दरी जाऊन समुद्र आला. ‘दऱ्या’तला तो आडवा अर्धा र त्या प्रोग्रॅमला ओळखता आला नव्हता, त्यानं सरसकट रफार दिला होता. हा र आपल्या मराठीचा खास आहे. आचाऱ्यांना आणि आचार्यांना यांत तो नसेल तर स्वयंपाकी आणि गुरुजी एका पंगतीत बसतील. असे शब्द शोधून हातानं सुधारावे लागले. सिन्नरच्या खेड्यातून निघालेली बाई माहेरी जाताना समुद्र ओलांडते, असं छापून आलं असतं तर अम्मा हसली असती, पण मला झोप आली नसती. तीनशे बारा ओव्या मी जुन्या संगणकावरची छापील प्रत शेजारी ठेवून, अक्षर अक्षर लावून तपासल्या. म्हणूनच ते जुनं यंत्र लागत होतं. मूळ काय होतं हे सांगणारा तो एकटाच साक्षीदार उरला होता.

शेवटी एक गोष्ट कळली ती मात्र मनाला लागली. एक्सपीमध्ये भाषांच्या सेटिंगमध्ये एक चौकोन आहे. त्यात बरोबरची खूण केली आणि विंडोजची सीडी घातली, की युनिकोड मराठी सुरू होते, ‘मंगल’ नावाचा टंक त्यात असतोच. माझ्या संगणकाला २००३ पासून मराठी येत होतं. मी कधी विचारलं नाही. तेव्हा ती खूण करून निदान एक प्रत साध्या फाइलीत युनिकोडमध्ये लिहिली असती, तर अम्माला दिलेला शब्द अठरा-एकोणीस वर्षं टांगणीला लागला नसता.

आता त्या ओव्या तीन ठिकाणी आहेत. युनिकोडच्या फाइलीत, भाच्याच्या घरी एका वेगळ्या डिस्कवर आणि कागदावर छापून, पत्र्याच्या पेटीत. पेटी आता माडीवर आहे. त्या जुन्या डिस्कची प्रतिमा भाच्यानं नव्या संगणकाच्या आतसुद्धा चालू करून दाखवली. एका खिडकीत एक्सपी, तोच साधा करडा पडदा. संगणकाच्या पोटात संगणक. तरी मूळ यंत्र मी मोडीत काढलेलं नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी तासभर लावतो, घड्याळ बघतो, फाइल शेवटच्या पानापर्यंत नेतो आणि वहीत तारीख टाकून सही करतो.

श्रोतेहो, आपल्यापैकी अनेकांच्या घरात असं काही असेल. वडिलांनी लिहिलेल्या आठवणी, गावाचा इतिहास, बंद पडलेल्या दिवाळी अंकाचे खंड, एखाद्या फ्लॉपीवर किंवा सीडीवर. ‘आहे ना सीडीत’ असं आपण म्हणतो. मीही म्हणत होतो. आज नवं वाटणारंही जुनं होतंच. विंडोज १०ची देखभालसुद्धा ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबली. तेव्हा या रविवारी ती सीडी शोधा. ती उघडते का, एवढंच नका बघू, वाचता येते का ते बघा. येत नसेल तर तुमच्या गावातल्या एखाद्या डीटीपीवाल्याकडं माडीवर, चादरीखाली, जुना संगणक असेल. तो चालू आहे तोवर जा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)